श्वास मोजायचं केंद्र

आमच्या मेडिकल कॉलेजात संशोधन केंद्र निघालं, तेव्हा सगळ्यात आधी पाटी आली. खोली जुनीच होती. मोडकी बाकं आणि कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिथं पडून असायचे. बाकं व्हरांड्यात गेली, भिंतींना चुना लागला आणि दारावर निळ्या अक्षरांत 'श्वसनविकार संशोधन केंद्र' असं झळकलं. केंद्राचा सगळा नोकरवर्ग म्हणजे मी आणि एक वयस्कर शिपाई. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मी मंगळवेढ्याहून आलेली, टेक्निशियनचा कोर्स संपवून जेमतेम चार महिने झालेली. 'संशोधन' हा शब्द कुणी उच्चारला तरी मी पदर सारखा करत असे.

आमचे सर विभागप्रमुख होते. माणूस फार हुशार आहे असं सगळे म्हणत. मी चार वर्षं पुरावा शोधत होते. ते सहा महिने परदेशात राहून आले होते आणि नंतरची सगळी वर्षं त्या सहा महिन्यांविषयी बोलत होते. तिथल्या प्रयोगशाळेत फरशी कशी चकचकीत असते, तिथं कुणी मोठ्यानं कसं बोलत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की ती फरशी मीच पुसून आले असं वाटावं. तिथं काय शोधून काढलं, हे मात्र एकदाही त्यांच्या बोलण्यात आलं नाही.

केंद्रात एक यंत्र होतं. पाण्याच्या टाकीत पालथं घातलेलं हलकं भांडं, त्याला एक नळी. नळीत जोरानं फुंकलं की भांडं वर उचललं जायचं आणि बाजूची लेखणी कागदावर रेघ ओढायची. रेघ जेवढी उंच, तेवढं फुप्फुस दमदार. सोलापुरात यंत्रमागावर राबणारे, सुताची धूळ गिळणारे हजारो लोक असल्यामुळे या यंत्राला इथं मरेपर्यंत काम होतं. पण सरांनी टाकीत पाणी कधी भरूच दिलं नाही. गंजेल, म्हणायचे. त्यांच्या पत्नीनं यंत्राला फुलाफुलांची खोळ शिवून दिली होती. रोज सकाळी ती खोळ झटकणं, हेच माझं संशोधन.

मग विद्यापीठाची समिती येणार असल्याचं पत्र आलं. केंद्र चालू दिसलं पाहिजे, म्हणून सरांनी मला भवानी पेठेत पाठवलं. शिपाई बरोबर आला; तो त्याच भागात राहणारा, आणि तिथल्या बऱ्याच विणकर घरांत बोलतात ते तेलुगूही त्याला येत होतं. एका कारखान्यात कांड्या भरणाऱ्या बायका होत्या. मागाच्या धोट्यात बसणाऱ्या त्या छोट्या कांड्यांवर सूत गुंडाळायचं हे त्यांचं काम, आणि तिथं धूळ इतकी की भुवयासुद्धा पांढऱ्या. आम्ही त्यांना सांगितलं की डॉक्टर तुमचा श्वास तपासणार आहेत. खोटं बोलतोय असं तेव्हा मला वाटलंही नाही. सहाजणी कामाचा खाडा करून आल्या. त्यांतली एक चाळिशीची, काटकुळी, बोलताना मधेच थांबून श्वास घेणारी. दहाव्या वर्षापासून ती कांड्या भरत होती.

समितीचे तिघेजण आले. सरांनी कागदावर एक देखणी रेघ आदल्या दिवशीच स्वतःच्या हातानं काढून ठेवली होती. यंत्रात पाणी नव्हतं. त्या काटकुळ्या बाईनं नळी तोंडाला लावली, डोळे मिटून जीव खाऊन फुंकलं, आणि भांडं जागचं हललं नाही. समितीतल्या एकानं कागदावरची रेघ बघून मान डोलावली. दुसऱ्यानं इमारत कधीची आहे ते विचारलं. तिसरे गृहस्थ जेवणाची वेळ झाली का ते बघत होते. दहा मिनिटांत संशोधनाची पाहणी आटोपली.

बायकांना चहा-बिस्किटं देऊन वाटेला लावायचं काम माझ्याकडं होतं. बाकीच्या गेल्या, ती मात्र उंबऱ्यापाशी थांबली.

"बाई, भांडं तर हललंच न्हाय की," ती म्हणाली. "माज्यात वारं न्हाय, का तुमच्या डब्यात कायच न्हाय?"

गुरुवारी दुपारी ये, एवढंच मी म्हटलं. गुरुवारी दुपारी सर त्यांच्या खाजगी दवाखान्यात असायचे.

ती आली. शिपायानं बादलीनं पाणी आणून टाकी भरली. आधी मी फुंकलं, मग तो. भांडं झक्क वर आलं. इतकी साधी गोष्ट, आणि त्यासाठी केंद्र निघाल्यापासून कुणाला बादलीभर पाणी मिळालं नव्हतं. मग तिनं फुंकलं. मी वीतभर रेघ काढली होती. तिची चार बोटांवर थांबली. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. ती बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. घाबरलेली दिसली नाही. जे माहीत होतं ते आता दुसऱ्यालाही दिसलं, असा तिचा चेहरा होता.

तिला औषध नको होतं. हे एका कागदावर लिहून द्या, म्हणाली; मालकाला दाखवून पडवीत बसायला मागते, तिथं वारा असतो. मी म्हटलं, सरांना विचारते.

दुसऱ्या दिवशी विचारलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "हे संशोधन आहे, ओपीडी नव्हे," ते म्हणाले. "आपण आकडे गोळा करतो, चिठ्ठ्या वाटत नाही." केंद्राच्या वहीत त्या दिवसापर्यंत एकही आकडा नव्हता. तिचं कोरं पहिलं पान मी रोज बघत होते.

मग मीच चिठ्ठी लिहिली. या बाईच्या फुप्फुसांची ताकद कमी आहे, तिला सुताच्या धुळीपासून लांब बसवावं. खाली माझी न वाचता येणारी सही आणि केंद्राचा गोल शिक्का. शिक्का इतका कोरा होता की त्याची शाईसुद्धा वाळून गेली होती. शिपायानं पाण्याचे दोन थेंब टाकून ती ओली केली. मालकानं चिठ्ठी वाचली की नाही कोण जाणे, पण शिक्क्याला तो भ्याला. आठवड्यात ती पडवीत बसायला लागली. आता जिना चढताना मधे टेकावं लागत नाही, असं शिपायाच्या हाती तिनं कळवलं. नोकरीत पहिल्यांदा मला आपला अभिमान वाटला. तो पंधरा दिवस टिकला.

तो मालक सरांच्या दवाखान्यात येणारा निघाला. सरांनी मला बोलावून घेतलं. चिठ्ठी खोटी आहे असं ते म्हणाले नाहीत. मोजमाप काय आलं हेही विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच होता, ही लिहिणारी तुम्ही कोण. नोकरी कायम व्हायची होती. मी मान खाली घातली आणि पुन्हा होणार नाही असं लेखी दिलं.

दोनच दिवसांनी ती बाई आली, बरोबर तिच्या कारखान्यातल्या त्या पाचजणी. खिडकीतून मला त्या दिसल्या. त्या पाचजणींनाही तशीच चिठ्ठी हवी होती. मी आतल्या खोलीत गेले आणि शिपायाला म्हटलं, मी नाही म्हणून सांगा. तो माझ्याकडं क्षणभर बघत राहिला. मग बाहेर जाऊन तेलुगूत काहीतरी बोलला. त्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसल्या आणि गेल्या.

समितीचा अहवाल उत्तम आला. केंद्राच्या कार्याचा गौरव झाला, सर आणखी वर चढले आणि शेजारच्या खोलीवर दुसऱ्या केंद्राची पाटी लागली. मला लघवी तपासायच्या विभागात पाठवलं. तिथं निदान बाटलीत काहीतरी असायचं.

पुढं उन्हाळ्यात मी भवानी पेठेत गेले. ती पडवीत कांड्या भरत होती. मला ओळखून तिनं बसायला पोतं सरकवलं. तुम्ही चिठ्ठीसाठी आलात त्या दिवशी मी आतच होते, असं मी कसंबसं सांगितलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "तू बी नोकरदारच की."

रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. त्या पाचजणी कुठं आहेत, असं मी विचारलं. तिनं हातातलं सूत न सोडता मानेनंच आतल्या दाराकडं दाखवलं. दारापलीकडं माग खडखडत होते आणि धुळीनं आतलं काही नीट दिसत नव्हतं. मी थोडा वेळ बसले. मग ड्यूटीची वेळ होत आली म्हणून उठले.