अर्ध्या हवेचे मामा

मामांचा डोळ्यांवर भरवसा नव्हता. जे काही तपासायचं ते अंगठ्यानं. वाफ्यातली माती, तव्यावरून उतरलेली भाकरी, आजारी वासराची मान, सगळं दाबून बघत. मी गावात मास्तर म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझाही दंड दाबून पाहिला आणि मामींना म्हणाले, "कच्चे हायत. पण टिकतील." तो अंगठा फक्त द्राक्षांना कधी लागला नाही. मामा त्यांना अंगूर म्हणत. "अंगूराला बोट लावायचं न्हाई, मास्तर. अंगावरची पांढरी साय जाती त्याच्या. देठाला धरायचं."

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. नांदेडच्या खाली तीन कोसांवर, गोदावरीच्या काठाला एका जहागीरदाराची द्राक्षबाग होती आणि मामा तिचे माळी. आपली बग्गी डौलात यावी म्हणून जहागीरदारांनी बागेपासून शहराच्या वेशीपर्यंत नदीकाठानं मुरुमाची वाट करून घेतली. बग्गी काही आली नाही. मामांनी मग वाटेच्या दोन्ही टोकांना दगडी खांब रोवले आणि मधे फक्त सायकल निघेल एवढी फट ठेवली. बैलगाडी आली की चाकोऱ्या पडतात, चाकोऱ्या पडल्या की गचके बसतात आणि गचक्यानं अंगूर फुटतात, हा त्यांचा हिशेब. माल स्टेशनात जायचा तो सायकलवर. मागं टोपली, तळाला कडुलिंबाचा पाला, घडांवर द्राक्षाचीच पानं, आणि दोन्ही टायरांत अर्धी हवा. निघण्याआधी मामा टायरवर अंगठा टेकवत. "पिकल्या अंजिरागत दबलं पायजे. टणक टायर म्हंजे दगडावर दगड."

मला सायकल येत नव्हती. बाविशीतल्या मास्तरानं हे कबूल करणं अवघड, म्हणून मी "येते, पण सवय मोडली" असं सांगितलं आणि पहिल्याच दिवशी सायकलीसकट नदीच्या वाळूत उतरलो. मामा हसले नाहीत. मामी हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मामा माझ्यामागं पळू लागले, अंगठा माझ्या पाठीवर ठेवून. डाव्या बाजूला दाबला की डावीकडं, उजव्या बाजूला की उजवीकडं आणि मधोमध दाबला की हळू. तोंडानं एक शब्द नाही. पंधरा दिवसांनी मी ऐटीत विचारलं, "आता सोडता का, मामा?" आवाज बराच लांबून आला, "सोडून लई येळ झाला!" ते ऐकलं आणि मी पडलो.

पुढं एका सुटीच्या दिवशी मामांना बागेत पाणी सोडायचं होतं आणि माल तर न्यायलाच हवा होता. मी पुढं झालो. अर्ध्या हवेचा हिशेब तेव्हा मला ठाऊक नव्हता. सकाळी टायरं दाबून पाहिली तर मऊ. म्हटलं, मामा म्हातारे झाले, पंक्चरसुद्धा कळेना. मी नांदेडहून हौसेनं नवा पंप आणला होता, तो काढला आणि टायरं अशी भरली की टिचकी मारली तर टणटण वाजावीत. मामांनी तपासलं नाही. मास्तरांनी बघितलंय म्हटल्यावर त्यांना पुरे होतं. वाऱ्यासारखा गेलो. मागून मधमाश्या येत होत्या, तो मला बहुमान वाटला. स्टेशनातल्या हमालानं पानं उचलली, टोपलीखाली टपटपणारा रस पाहिला आणि अदबीनं विचारलं, "मास्तर, शरबत कुठं उतरवू?"

परत आल्यावर मामांनी टायर दाबलं आणि सगळं समजले. मी शिव्यांची वाट पाहत उभा. त्यांनी पंप माझ्या हातात दिला. "हे तुमच्या पिशवीत ऱ्हाऊ द्या. रोज न्यायचं, रोज आणायचं. लावायचं न्हाई." शिक्षा म्हणून तो पंप मी दोन हंगाम वागवला.

तिसऱ्या हंगामात दिवस पालटले. सडकेवर बंदूकवाले उभे राहू लागले. ते कोणाला अडवतील, कोणाला घेऊन जातील, सांगता येईना. गावं संध्याकाळच्या आत दारं लावून घेत. बागेत मात्र घड भरले होते, आणि नेमके तेव्हा मामा छातीच्या तापानं पडले. चौथ्या दिवशी त्यांना श्वास पुरेना. दवाखाना नांदेडला. सडकेनं बैलगाडी नेण्याची कुणाची छाती होईना. उरली ती मुरुमाची वाट.

मामींनी त्यांना कॅरियरवर बसवलं आणि लुगड्यानं माझ्या पाठीशी बांधलं. गाठ मारताना म्हणाल्या, "मास्तर, अंगूर फोडलेत तुम्ही. माणूस तरी धड न्या." मामांनी वाकून टायर दाबायचा प्रयत्न केला. हात पोचेना. मी दाबलं. दोघांच्या वजनानं ते पार बसलं होतं.

"थोडी हवा भरू का, मामा? जल्दी पोचू."

"नगं. गचका बसला की छातीत सुरी फिरती. हाय तसं चला."

निघालो. डाव्या हाताला बाग, उजव्या हाताला उन्हात चकाकणारं पात्र. वाटेवर चिटपाखरू नाही. मऊ टायरांखाली मुरूम हळूहळू करकरत होता आणि पाठीला मामांचा श्वास लागत होता, तापलेला, तुटक. सायकल चिखलातून ओढल्यासारखी चालली होती. अर्ध्या वाटेवर, करंजाच्या झाडाखाली मी पाय टेकला. पिशवीत पंप अजून होताच. वीस दट्टे मारले असते तर सायकल दुप्पट पळाली असती. हात पिशवीत गेलासुद्धा. तेवढ्यात पाठीवर मधोमध अंगठा दाबला गेला. हळू.

मी हात बाहेर काढला आणि तसाच निघालो. त्यानंतर अंगठा वाट सांगत राहिला. डावीकडं, तिथं खडी वर आली होती. उजवीकडं, तिथं बाभळीचं मूळ. मामांचे डोळे मिटलेले असणार, पण त्या वाटेचा खडान्‌खडा त्यांना पाठ होता. वेशीचे खांब दिसू लागले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की अंगठा बराच वेळ काही बोललेला नाही. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर कळलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं, "अर्धा तास आधी आणलं असतं तर?" ते हात धूत होते. म्हणाले, "सांगता येत नाही." आजवर मलाही ते सांगता आलेलं नाही.

मामींना मी सगळं सांगितलं. पंप, करंजाचं झाड, पिशवीतला हात. माझ्या चुका मी एरवी तिखटमीठ लावून सांगतो, ही तशी सांगता येत नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "वाटंत गचके बसले का त्यान्ला?"

"न्हाई, मामी. एकबी न्हाई."

"मग झालं."

मामा गेल्यावर चौथ्या दिवशी पहाटे मामींनी माझं दार वाजवलं. घड थांबायला तयार नव्हते. टोपली भरून झाली होती, तळाला कडुलिंब, वर पानं, सगळं मामांसारखं. मामींनी सायकल धरली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हवा बघा, मास्तर."

मी वाकलो आणि टायरवर अंगठा टेकवला. मग पिशवीतला पंप काढला, दाराशी ठेवला आणि निघालो.