कागदावरचं वय

सरोजिनीबाई नारायण पेठेतून धायरीच्या शाळेत येतात त्याला एकोणतीस वर्षं झाली. ऑफिसात लिपिक त्या एकट्याच. मुलांची नावं त्या विसरतात, रजिस्टर नंबर विसरत नाहीत.

दहावीच्या फॉर्मची कच्ची यादी आली की त्या प्रत्येक नावापुढे मुलाची आणि पालकाची सही घेतात. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख एकदा छापली गेली की ती बदलणं जवळजवळ अशक्य.

यंदा सह्यांच्या आदल्या दिवशी कौशल्या आली, घरी न सांगता. नवरा गेल्यापासून ती सासऱ्यांकडेच राहते. मुलीचा, तनुजाचा, जन्मदाखला तिनं टेबलावर ठेवला. ऑगस्ट २०११. रजिस्टरला १ जून २०१०, तेही बाईंच्याच अक्षरात. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, आणि आजोबांना, गेनबांना, नात चुलतभावाबरोबरच शाळेत घालायची होती. दाखला नंतर आणून देतो म्हणाले. अशांना सरसकट १ जून लिहायची पद्धत होती. पुढे आधारही त्यावरूनच निघालं.

"चौदा महिन्यांनी काय एवढं अडलंय?" बाईंनी विचारलं.

"लोणी काळभोरचं स्थळ आलंय. बारावी झाली की लगेच उरकायचं म्हणतात. कागदावर अठरा भरतात ना."

तेव्हा मुलगी सोळाचीच असेल. बाईंनी दाखला ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सहीला गेनबा आले, मागं तनुजा. रजिस्टरला पालक म्हणून त्यांचंच नाव होतं, आणि दुरुस्तीचा अर्ज पालकाचाच लागतो. बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी दाखला पुढे केला, तेव्हा चूक आपल्याही हातून झाली, असंही सांगितलं.

गेनबांनी चष्मा लावून दाखला सावकाश वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. तो कुणी आणला, हे विचारलंच नाही.

"तारीख हाय ती बराबर हाय. तनू, कर सही."

तनुजानं वळणदार अक्षरात सही केली. खाली त्यांनी आपली केली.

दुपारी कौशल्या आली. सह्या झाल्या, असं बाईंनी सांगितलं.

"त्यांना दाखला दाखवलात?"

"अहो, पालक तेच आहेत."

कौशल्या भिंतीकडेच्या बाकावर बसली. पाणी दिलं, ते घेतलं नाही. शाळा सुटली, शिपाई खिडक्या लावू लागला, तरी उठली नाही. शेवटी दप्तर घेऊन तनुजाच दारात आली.

"आई, चल ना. आजोबा गाडी घेऊन फाटकाशी थांबलेत. तू इथंच असशील म्हणाले."