तुळजाअक्कांचा उलटा शनिवार

तुळजाअक्कांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या सांबाराचे पातेले घासत होत्या. चेन्नैजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा कारखाना होता. मोटारींच्या ब्रेकमध्ये बसणारे पोलादी पिस्टन तिथे तयार होत. वर्तमानपत्रासाठी मुलाखत हवी तर शनिवारी सकाळी या, असे त्यांनीच फोनवर सांगितले होते. फाटकावर पहारेकऱ्याच्या स्टुलावर टाय लावलेले एक गृहस्थ बसले होते आणि त्यांना अडसर वर उचलता येत नव्हता. ते हिशेब विभागाचे मॅनेजर होते. खरा पहारेकरी आत टेलिफोनवर बसून, फोन करणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला "कोण? कुठून? कशाला?" असे दरडावून विचारत होता.

"बसा," अक्का म्हणाल्या. "पातेलं झालं कीं बोलूं. आज मी मालकीण नाहीं."

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या कारखान्यात कोणीही आपले काम करत नसे. पॅकिंगची माणसे लेथवर जात, लेथवाले मोजमाप खोलीत, मोजमापवाले भांडारात. अक्का स्वतः कँटीनमध्ये. त्या दिवशी माल कमी निघे, वाया जास्त जाई आणि हिशेबाचे मॅनेजर दर वेळी तक्रार करत. प्रथा सुरू होण्याचे कारण साधे होते. एका वर्षी मोजमाप खोलीतला एकमेव जाणकार माणूस तापाने आजारी पडला आणि तयार माल खोक्यांत पडून राहिला. तेव्हापासून अक्कांच्या तोंडी एक प्रश्न कायमचा बसला. ट्रकवाला येतो म्हणाला, वीज येणार म्हणून कळले, पाहुणे निघाले असा निरोप आला, तरी त्या शेवटी विचारत : "आणि आला नाहीं तर?"

तंजावरहून आलेल्या मराठी घराण्यातल्या त्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची होती, चाल मात्र तमिळ. 'मला' ऐवजी 'मज' म्हणत आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी 'म्हणून' लावत. माझी मराठी ऐकून त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "तुमची मराठी भारीच धांवते. आमची बैलगाडी. परवाइल्लै, पोंचते." काही बिघडत नाही, असे त्यांना म्हणायचे होते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बँकेतली नोकरी सोडून त्यांनी कारखाना हाती घेतला होता. घर अण्णा नगरमध्ये होते. एकुलता मुलगा सैन्यात कॅप्टन होता. त्याचा उल्लेख त्या क्वचित करत.

संसदेवरच्या हल्ल्यानंतरचा तो काळ. दोन्ही देशांची सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी होती आणि दोन्ही देशांकडे अण्वस्त्रे होती. उन्हाळा सरता सरता परदेशी सरकारांनी आपल्या नागरिकांना भारत सोडायला सांगितले. चेन्नै सीमेपासून फार दूर, इथे सायरन वाजत नव्हते की दिवे मालवले जात नव्हते. इथे युद्ध वेगळ्या वाटेने आले. मोठ्या हॉटेलांच्या खोल्या ओस पडल्या. परदेशी ग्राहकांच्या भेटी एकामागून एक रद्द झाल्या. जहाजावरच्या मालाचा विमा महागला. एकही गोळी न सुटता इरुंगाट्टुकोट्टैमधल्या कारखान्यांची कामे थांबू लागली.

त्या आठवड्यात मी सगळ्या कारखानदारांना एकच प्रश्न विचारत फिरत होतो : युद्ध झाले तर तुमचे नुकसान किती? प्रत्येकाकडे आकडा तयार होता. अक्का म्हणाल्या, "मज ठाऊक नाहीं म्हणून लिहा. ठाऊक आहे म्हणून सांगणारे दिल्लीस पुष्कळ आहेत."

त्यांच्यासाठी प्रश्न आकड्याचा नव्हता. युरोपातल्या एका मोटार कंपनीची मोठी ऑर्डर त्यांना मिळायच्या बेतात होती. तिच्या भरवशावर कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली होती आणि श्रीपेरुंबुदूरच्या आसपासच्या खेड्यांतली माणसे त्या पाळीवर घेतली होती. आता फक्त कंपनीच्या तपासनिसांनी येऊन, डोळ्यांदेखत माल बनताना पाहून होकार द्यायचा होता. त्याऐवजी फॅक्स आला. परिस्थिती निवळेपर्यंत आमचे लोक भारतात येणार नाहीत. दरम्यान अन्य देशातल्या पुरवठादाराचा विचार करावा लागेल.

अक्कांनी तो फॅक्स कँटीनमध्ये सर्वांसमोर तमिळमध्ये वाचून दाखवला. ऑर्डर गेली तर दुसरी पाळी बंद होणार, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

"अम्मा, आता काय?" लेथवरच्या एकाने विचारले.

"ते येत नाहींत," अक्का म्हणाल्या. "आपल्यास जायला कोणी अडवलं आहे?"

बेत ऐकून हिशेबाच्या मॅनेजरांनी डोक्याला हात लावला. समुद्रापलीकडे कोलंबो होते. तिथल्या यादवीतल्या बंदुका काही महिन्यांपूर्वीच थंडावल्या होत्या आणि तिथे जायला युरोपियनांना आता आडकाठी नव्हती. आपल्यासारखे लेथ असलेला एखादा कारखाना तिथे भाड्याने घ्यायचा, आपली माणसे आणि मोजमापाची साधने न्यायची आणि तपासनिसांसमोर माल बनवून दाखवायचा. "कालपर्यंत कोलंबोस जाऊं नका म्हणत होते, आज चेन्नैस जाऊं नका म्हणतात," अक्का मला म्हणाल्या. "भीतीचा पत्ता बदलत असतो. आपण बदललेल्या पत्त्यावर जावं."

मुलगा राजस्थानच्या वाळूत तैनात होता. त्याचा फोन येऊन बरेच दिवस झाले होते. त्या विषयावर त्या एवढेच बोलल्या : "तो तिकडे उभा आहे. मी इथें हात बांधून बसलें, तर त्यास तोंड काय दाखवूं?"

मुख्य तपासनिसाने कोलंबोला यायचे मान्य केले. एकच दिवस देईन, म्हणाला. अक्कांनी पहिल्या पाळीतले उत्तम कारागीर निवडले, कोलंबोतला कारखाना ठरवला, साधने खोक्यांत भरली. मग तिकिटे काढणाऱ्याने पासपोर्ट मागितले. निवडलेल्यांपैकी एकाकडेही पासपोर्ट नव्हता. नवा काढायचा तर पोलिस तपासणीत आठवडे जाणार होते. आयुष्यभर 'आला नाहीं तर?' विचारणाऱ्या बाईला हा एक प्रश्न सुचला नव्हता. त्या दिवशी कँटीनमध्ये त्यांचे ताट तसेच राहिले.

दुपारच्या चहाच्या वेळी पॅकिंगमधला सेल्वम त्यांच्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना, जाईना.

"काय रे?"

"अम्मा, रागावणार नाही ना?"

"आधीं सांग. मग ठरवतें."

"माझ्याकडे आहे. पासपोर्ट."

अक्कांचा एक हट्ट साऱ्या कारखान्याला माहीत होता. काम शिकून आखाती देशांत निघून जाणाऱ्यांवर त्यांचा फार राग. असा माणूस परत आला तर त्याला त्या फाटकातही घेत नसत. म्हणून जायची तयारी करणारे पासपोर्ट काढून गुपचूप ट्रंकेत ठेवत. सेल्वमने आपला काढला होता. दुबईतल्या मेव्हण्याने नोकरी बघितली होती.

अक्का म्हणाल्या, "पळून जायला काढलास?"

"होय, अम्मा."

"आणखी कितीजण पळणार आहेत? जा, बोलावून आण सगळ्यांस."

सेल्वमच्या मागोमाग भांडारातली मेरी आली. नवरा कुवेतला असल्याने तिने पासपोर्ट काढून ठेवला होता. मग कँटीनचा आचारी आला, गाडीचा ड्रायव्हर आला, दुसऱ्या पाळीतली दोन पोरे माना खाली घालून आली. तासाभरापूर्वी एकही पासपोर्ट नव्हता, आता केबिनमध्ये उभे राहायला जागा उरली नाही. त्यांतला एकही जण पक्का लेथवाला नव्हता. पण इतक्या उलट्या शनिवारांत प्रत्येकाने लेथ चालवला होता, प्रत्येकाने मोजमाप केले होते. आचारी मसाला घातल्यासारखा चिमटीने लेथचे चाक फिरवी, त्यावर सगळे हसत. पण त्याचा पिस्टन मापात येई.

"सरी, ठीक तर," अक्का म्हणाल्या. "पळपुट्यांनो, चला."

कोलंबोला बातमीसाठी मीही गेलो. मुख्य तपासनीस उंच, अबोल गृहस्थ होता. त्याने काही काळ नुसते पाहिले. लेथवर आचारी, पलीकडे सेल्वम, मोजमापावर मेरी. माल निघत होता, मेरी मोजत होती, तपासनीस पुन्हा स्वतःच्या साधनाने मोजत होता. चूक सापडेना. मग त्याने मेरीकडे बोट दाखवून अक्कांना इंग्रजीत विचारले, "ही बाई उद्या आली नाही तर?"

अक्का इतक्या मोठ्याने हसल्या की लेथवरच्यांनी मागे वळून पाहिले. तो प्रश्न त्यांचा होता. इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणी तो त्यांना विचारला नव्हता.

त्यांनी टाळी वाजवली. सेल्वम मोजमापावर गेला, मेरी लेथवर आली, आचारी पॅकिंगवर. माल निघतच राहिला. तपासनिसाने स्वतः टाळी वाजवून पाहिली. पुन्हा जागा बदलल्या. त्याने दुपारच्या जेवणानंतर वाजवली, चहाआधी वाजवली. शेवटी शेवटी त्याला त्यात मौज वाटू लागली असावी. त्याच्या साधनाखाली गेलेला प्रत्येक पिस्टन मापात होता.

एक शंका त्याच्याकडे शिल्लक होती. युद्ध पेटून चेन्नैच्या बंदरातून जहाजे निघाली नाहीत तर? अक्कांनी खिडकीबाहेर बंदराकडे हात केला. एका महिन्याचा माल कायम इथल्या गोदामात राहील. बोलणी करूनच त्या आल्या होत्या. तपासनिसाने कोट अंगात चढवला आणि म्हणाला, "आज मी पाहिले, ते आमच्या स्वतःच्या कारखान्यात मला करता येणार नाही." ऑर्डर तिथेच, त्या संध्याकाळी मिळाली.

चेन्नैच्या विमानतळावर दुसरी पाळी हार घेऊन उभी होती. ढोलही होता. मेरीच्या सासूने तिची दृष्ट काढली. आचाऱ्याला कोणीतरी खांद्यावर घेतले.

"जा आतां दुबईस," अक्का सेल्वमला म्हणाल्या. "फाटक उघडं ठेवतें."

"पुढच्या उलट्या शनिवारी तुमच्या खुर्चीवर बसवा, अम्मा. आवडली तर दुबई रद्द."

त्या शनिवारी तो बसला. हिशेबाच्या मॅनेजरांना त्याने दोनदा आत बोलावून नुसते उभे केले आणि दुबई रद्द झाली.

पुढे सैन्ये मागे आली, मुलगा सुट्टीवर घरी आला, युरोपला जाणारे कंटेनर नियमाने सुटू लागले. अक्कांचा आखाताचा हट्ट मात्र कोलंबोतच राहिला. नव्या कामगाराचा पासपोर्ट कारखान्याच्या खर्चाने काढून त्याच्याच हाती देण्याचा नियम झाला. "ज्यास जातां येतं, तो राहिला तर खरा राहिला," त्या म्हणत. काहीजण गेले. बहुतेक राहिले.

दशक संपत आले तेव्हा माझी पुण्याला बदली झाली. मुंबईवरच्या हल्ल्याला थोडेच दिवस झाले होते. वर्तमानपत्रांत पुन्हा सीमा, विमाने, अण्वस्त्रे हेच शब्द होते आणि परदेशी पाहुण्यांच्या भेटी पुन्हा रद्द होत होत्या. निरोप घ्यायला गेलो तो नेमका महिन्याचा शेवटचा शनिवार. फाटकावर हिशेबाचे मॅनेजर होते. केस पिकले होते, पण अडसर त्यांनी एका हाताने सफाईने उचलला.

अक्का पातेल्यापाशीच होत्या. या वेळी तुमच्या ग्राहकांचे काय, असे मी विचारले. त्यांनी साबणाच्या हाताने पॅकिंग विभागाकडे खूण केली. तिथे, एव्हाना कायमचा लेथवाला झालेल्या सेल्वमच्या हुकमतीखाली एक उंच, पिकल्या केसांचा गोरा माणूस बाह्या सरसावून खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. पट्टी वाकडी लागली की सेल्वम ती काढायला लावत होता.

"जाऊं नको म्हणून त्याच्या कंपनीनं सांगितलं होतं," अक्का म्हणाल्या. "कां आलास, तें तुम्हीच विचारा."

मी विचारले. कोलंबोतल्या त्या तपासनिसाने पट्टी दाताने तोडली.

"मी आलो नसतो," तो म्हणाला, "तर ही बाई सगळा कारखाना घेऊन माझ्या दारात उभी राहिली असती."

"खोटं," अक्का पातेल्यातून मान वर न करता म्हणाल्या. "अर्धाच नेला असता. अर्धा इथें चालूं ठेवला असता."