पळस्प्याचं स्थळ

बाबांना घराबाहेर काढायची एकच युक्ती मला ठाऊक होती आणि ती करताना मला फार मजा यायची. त्यांच्या कानाशी जाऊन हळूच म्हणायचं, "बाबा, मुलगी बघायला जायचंय."

बस्स! ज्या माणसाला अंघोळीला न्यायला निम्मी सकाळ जायची, तो आपणहून दाढीचं सामान मागायचा. नोकरी त्यांनी सरकारी केली, पण खरा जीव लग्नं जमवण्यात. भाचे, पुतणे, शेजारी, साहेबांची मेहुणी, कोणाकोणासाठी ते जिल्हाभर कांदेपोहे खात हिंडले. आता त्यांना मी कोण हे सांगता येत नव्हतं, आईला ते 'त्या बाई' म्हणायचे. पण मुलीकडच्यांशी कसं बोलायचं हे मात्र शाबूत होतं.

त्या सकाळी खांदा कॉलनीतून आम्ही तिघं निघालो ते पळस्प्याच्या पुढच्या वृद्धाश्रमाकडे. बाबा दार उघडून निघून जात आणि हायवेवर सापडत. त्यांना असंच एकदा आवरताना आई पडली आणि तिचा खुबा मोडला. मी दिवसभर कामावर. सोबतीला ठेवलेल्या बायका टिकत नव्हत्या, कारण बाबा त्यांचीही लग्नं ठरवत. शेवटची, जवळच्याच गावातली, जाताना हसू आवरत म्हणाली, "ताई, बाबा लय गोड हायत, पन माजा नवरा जिता हाय. कोनीतरी सांगा ना त्यांना!"

आईची अट एकच होती. "कुठंही ठेव, पण एका खोलीत. रात्री दचकून उठतात. माझा हात लागला की झोपतात." दोन ठिकाणांनी या अटीलाच नकार दिला होता. हे तिसरं.

आईनं नारायणपेठ नेसली होती, बाबांनी काळी टोपी घातली होती. ऑफिसात चहा-बिस्किटं आली. बाबांनी बशीकडे पाहिलं आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, "पोहे नाहीत. माणसं शहरी दिसतात."

तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "आजोबा, जरा दारापर्यंत चालून दाखवता?"

"मी?" बाबा ताठ झाले. "अहो, मुलाकडचे आम्ही! चालायचं मुलीनं."

मला हसू फुटलं. आईनं वॉकर पुढे ओढला. "मीच चालते. सासूबाईंनी पण चालवून बघितलं होतं. तेव्हा पास झाले होते." आणि ती निघाली, दारापर्यंत आणि परत, ओठ घट्ट मिटून. बाबा मान कलती करून पारखत होते. जुन्या सवयीनं त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतका. "पायात थोडं अधू आहे. पण तोंडावर समाधान आहे. मुलगी वाईट नाही."

आई खुर्चीत बसता बसता इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मॅडमही हसल्या. मला वाटलं, जमलं आपलं.

"आजोबा, आज वार कोणता?"

"शुभ," बाबा म्हणाले.

"आणि या कोण तुमच्या?"

"ही काय, हीच तर मुलगी."

मॅडमनी मला खिडकीशी नेलं. "आजींना आम्ही घेऊ. आजोबांना नाही. बाहेर जाणारी माणसं आम्हाला सांभाळता येत नाहीत, हायवे फाटकाशीच आहे. तळोज्याला एक जागा आहे, तिथे दारांना कुलपं असतात. पण तिथे फक्त विसरणारेच घेतात."

"दोघांना एकत्र घेणारं कोणी?"

"माझ्या माहितीत तरी नाही हो."

मागून बाबांचा आवाज आला. "काय ठरलं? होकार की नकार?"

मॅडमनी सांभाळून घेतलं. "आजी पसंत आहेत आम्हाला."

बाबांनी क्षणात बाजू बदलली. जन्मभर त्यांनी दोन्हीकडून बोलणी केली होती, त्यांना ते अवघड नव्हतं. उठले, टोपी नीट केली, मॅडमना हात जोडले. "पोर आमची गरीब आहे. दुखलं-खुपलं तरी बोलून दाखवणार नाही. सांभाळून घ्या." मग चहाच्या ट्रेमधल्या वाटीतली चिमूटभर साखर उचलून ती आईच्या तोंडाजवळ धरली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. खिडकीशी काय बोलणं झालं ते तिला न सांगता कळलं होतं. तिनं तोंड उघडलं, साखर घेतली आणि म्हणाली, "गोड आहे हो."

एका खोलीत दोघांना घेणारी जागा त्यानंतरही शोधली. मिळाली नाही. आई पळस्प्याला गेली, बाबा तळोज्याला. रविवारी मी आधी आईकडे जाते. बाबांची सगळी नक्कल करून दाखवते, मान कलती करून, टोपी सारखी करत. ती पोट धरून हसते. मग विचारते, "रात्री झोपतात का?" मी हो म्हणते. तिथली माणसं मला वेगळं सांगतात.

मग तळोजा. तिथे आसपासच्या केमिकल कंपन्यांच्या वासामुळे खिडक्या बंदच असतात. बाबा मला ओळखत नाहीत, पण मी त्या स्थळाकडून येणारी बाई आहे एवढं त्यांना पक्कं माहीत असतं.

"दिली ती पोर रुळली का?"

"रुळली."

"रडते?"

"नाही."

"रडेल. नवीन आहे. पहिल्या सणाला आणा हं माहेरी."

दसरा गेला, दिवाळी गेली. आईला गाडीत चढवणं आता मला एकटीला जमत नाही, आणि बाबांना तिथले सोडत नाहीत. दर वेळी मी काहीतरी सांगते, रस्ता उकरलाय, पाव्हणे आलेत. बाबा ऐकून घेतात आणि माझ्याच पाठीवर थोपटतात.

"राहू दे. तिचं घर आहे ते आता. आपण सारखं बोलावू नये."

आणि बंद दाराकडे पाहत बसतात.