दाजींचं जनित्र आणि खांबावरचा मेहुणा

पंपदुरुस्ती करता करता दाजींनी ओढ्याच्या पाण्यावर चालणारं जनित्र उभं केलं आणि त्याची वीज गावच्या लाइनला जोडायला अर्ज केला. शेवटची चाचणी बाकी होती. वीज कंपनीच्या साहेबांनी लाइन बंद केली की जनित्रानंही आपणहून बंद व्हायचं, नाहीतर खांबावरचा माणूस गेलाच. आणि खांबावर चढणारा लाइनमन दाजींचा सख्खा मेहुणा.

लाइन बंद झाली. मेहुणा सरसर वर पोचला.

"आधी टेस्टर लाव," साहेब खालून म्हणाले.

"दाजींचं मशीन आहे, साहेब! बहीण दिलीय त्यांना, जीव द्यायला काय जातंय?"

दाजींना हसू फुटेना. जनित्राची घरघर थांबलीच नव्हती. सारखं बंद पडतं म्हणून काल त्यांनीच सुरक्षेच्या स्विचला बगल देऊन एक वायर जोडली होती. ती काढायची राहिली! मेहुण्याचा हात तारेकडे निघाला होता.

"हात लावू नको!" दाजी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की आवाज फाटला. "माझी वायर राहिलीय!"

साहेबांनी अर्जावर फुली मारली. दाजींनी तिकडे पाहिलंही नाही. मेहुण्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत ते खांबाखाली दोन्ही हात पसरून उभे होते, जसा काही तो गडी त्यांना झेलता येणार होता.