लिफ्ट, कौन्सिल आणि आठव्या मजल्यावरचे काका

आमच्या बिल्डिंगमधले सगळे किस्से साठतात ते चौथ्या मजल्याच्या जिन्यात. कारण सिंपल आहे. लिफ्ट अकरा आठवडे बंद, आणि चढणाऱ्या प्रत्येकाचा दम बरोब्बर चौथ्यावर संपतो. मग कोणी शॉपिंगच्या पिशव्या खाली ठेवतं, कोणी कठड्याला टेकतं, की झाल्या गप्पा सुरू. मी पाचव्यावर राहते, माझा एकच मजला उरलेला असतो, तरी मी थांबते. एवढं मटेरियल कोण सोडेल?

बिल्डिंग लंडनमधली, कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची. आठव्यावर सुधाकरकाका आणि विद्याकाकू. काका रिटायर्ड बस ड्रायव्हर. गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आले तेव्हा लिफ्ट चालू होती, चौथ्या दिवशी बंद पडली. तेव्हापासून काका वरच. हॉस्पिटलमधलं फिजिओ बुडलं ते बुडलंच. फिजिओवाली फोनवर स्पष्ट म्हणाली की असंच चाललं तर गुडघा आखडेल, मग नीट वाकणार नाही. म्हणजे आम्हाला जिन्यात दम लागत होता, पण पाय जायची वेळ काकांवर आली होती.

*

पहिली तक्रार तेजसने केली. तेजस सातव्यावरचा, नागपूरचा, ऑनलाइन फॉर्म दिसला की त्याचे हात शिवशिवतात. आठवड्याने ईमेल आला, तक्रार निकाली काढली आहे. लिफ्ट तर बंदच! त्याने फोन करून विचारलं. तर म्हणे इंजिनियर येऊन गेला. लिफ्टचं मशीन आहे गच्चीवर, आणि टूल्सची बॅग जड. चार मजले चढला आणि परत गेला.

रिपोर्टमध्ये कारण लिहिलं होतं: ‘लिफ्ट बंद असल्यामुळे लिफ्टपर्यंत पोचता आलं नाही.’

*

मग तेजसने माहितीचा अर्ज टाकला. लिफ्टचे इन्स्पेक्शन रिपोर्ट द्या, आमचा हक्क आहे. आले की रिपोर्ट, बारा पानं. आणि बाराच्या बारा काळी! कंत्राटदाराची गोपनीय माहिती म्हणून ओळीन् ओळ काळी केलेली. नवव्या पानावर एकच शब्द चुकून उघडा राहिला होता: ‘However’.

काकूंनी ती पानं खालच्या लिफ्टच्या दारावर चिकटवली. चाळीस मिनिटांत कौन्सिलचा माणूस हजर, पानं काढून घेऊन गेला. आम्ही बघतच राहिलो. एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच दिवशी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेजसने नवीन प्रिंट काढल्या. मी विचारलं, परत खालीच लावायच्या का? काकू म्हणाल्या, “खाली कशाला? आठव्यावर लाव. ज्याला काढायच्यात त्याने चढावं.”

त्या अजून तिथेच आहेत.

*

मध्येच माझ्या लेटिंग एजंटचा, म्हणजे घरमालकाच्या दलालाचा, मेसेज आला. फार गोड भाषेत. तू भाड्याने राहतेस, व्हिसावर आहेस, असल्या भानगडीत कशाला पडतेस वगैरे. मी जरा घाबरले, खोटं कशाला बोलू. जिन्यात काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “छान लिहिलंय. आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाक.”

टाकला, आणि एजंटला तसं कळवलं. एजंटचा परत मेसेज नाही!

*

कौन्सिलच्या कॅबिनेट मेंबर बाई भेटायला आल्या तेव्हाची गोष्ट. हाऊसिंगचं खातं त्यांचं. बरोबर फोटोग्राफर. रहिवाशांबरोबर लिफ्टसमोर एक फोटो हवा होता. काकूंनी सांगितलं की आमचे मिस्टर वर आहेत, त्यांना तुमच्याशी बोलायचंय. बाईंनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, “त्यांना पाच मिनिटं खाली येता येईल का?”

फोटोग्राफरनेच कॅमेरा खाली घेतला.

बाई गेल्या. तो मात्र आठ मजले चढला, काकांचा खिडकीतला फोटो काढला आणि चहा पिऊन गेला.

*

काकांची मुलगी लीड्सला असते. ती रोज फोनवर रडकुंडीला यायची की बाबा, इकडे या राहायला, सोडा ते घर. काका एक दिवस म्हणाले, “बेटा, आधी ग्राउंड फ्लोअर. मग लीड्स.”

*

आता शेवटचा किस्सा. कौन्सिलच्या मीटिंगमध्ये लोकांना प्रश्न विचारता येतो. प्रश्न आधी लेखी द्यायचा, त्याच कॅबिनेट मेंबर बाई उत्तर वाचून दाखवतात, त्यावर आपण अजून एक छोटा प्रश्न विचारायचा. बस. काकांनी प्रश्न पाठवला: लिफ्ट कधी चालू होणार आणि जबाबदार कोण? उत्तर आलं, विचारणाऱ्याने स्वतः हजर राहावं, नाहीतर उत्तर पोस्टाने पाठवू. तेजसने व्हिडिओ कॉलचं विचारलं. नियमात नाही म्हणे.

काका म्हणाले, ठीक आहे, येतो.

दुपारी बाराला निघाले. पायरीवर बसून, दुखरा पाय पुढे सरळ धरून, एकेक पायरी खाली सरकत. काकू एक पायरी पुढे, तेजस मागे. प्रत्येक मजल्यावर कोणीतरी दार उघडून खुर्ची टाकत होतं. सहाव्यावर चहा, चौथ्यावर चांगला अर्धा तास. चारला काका खाली पोचले. दारातच उभे राहून त्यांनी मोठ्ठा श्वास घेतला, आणि मी उगाच मोबाईलमध्ये बघत बसले.

टाउन हॉलमध्ये सहाला आमचा नंबर आला. बाईंनी उत्तर वाचलं. कौन्सिल परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे, पार्ट मागवलाय, तारीख आत्ता सांगता येणार नाही, जबाबदारी सर्वांची आहे. मग कागद खाली ठेवून हसून म्हणाल्या की आज तुम्ही इथे स्वतः येऊ शकलात याचा मला फार आनंद आहे.

अध्यक्षांनी काकांना विचारलं, तुमचा दुसरा प्रश्न?

काकांनी माईक जवळ ओढला.

“मॅडम, मला उतरता येतं, चढता येत नाही. इथे येताना बघितलं, तुमची लिफ्ट चालू आहे. हीटिंगही चांगलं आहे.” त्यांनी काकूंकडे हात केला. काकूंनी पिशवीतून गोळ्यांचा डबा काढला, मग थर्मास, मग उशी. “तर प्रश्न एवढाच, मी झोपायचं कुठे?”