मांडीवर पोर होती तोवर

आईपणावर लोक गोडगोड लिहितात. मी हिशेबी बाई. मला आईपणाचा एकच फायदा खात्रीने सांगता येतो: त्या निमित्ताने मला काही वर्षं वाचायला मिळालं.

मोहाडीच्या आमच्या घरात रीत होती. मांडीवर लेकरू असलेल्या बाईला कामासाठी उठवायचं नाही. सासूबाई ही रीत काटेकोर पाळत, कारण त्यांनाही त्यांच्या काळात तेवढाच काय तो विसावा मिळाला होता. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. पण लग्नानंतर माझ्या हातात पुस्तक दिसलं की कुणाला तरी पाणी हवं असायचं. मुलगी मांडीवर आली आणि हाका थांबल्या. ह्यांची नोकरी तहसील कचेरीत. कामाने भंडाऱ्याला गेले की वाचनालयातून पोरीसाठी चित्रांची पातळ पुस्तकं आणत. मी मोठ्याने वाचायची आणि मनात वेगळंच ताडून बघायची: या गोष्टींत आई येते तेव्हा करते काय? जेवायला हाक मारते. कोल्ह्यालासुद्धा विचार करायला झाडाखाली जागा दिलेली, आईला मात्र चूल. असलं काही सुचलं की बरं वाटायचं. सांगायला कुणी नव्हतं.

पोर वाढली. सासूबाई म्हणू लागल्या, "पोरीचे पाय भुईले लागून राहिले, अन् हे अजून मांडीवरच! लग्नातही अशीच घेऊन बसशीन का वो?"

शेजारणी हसल्या. मी पोरीला पाय आखडून बसायला शिकवलं.

पहिलीत गेल्यावर एका दुपारी तीच उठली. "मले खाली बसव. मले वाचता येते." पुस्तक घेऊन ओसरीवर गेली आणि बोट ठेवून वाचू लागली. सगळ्यांनी कौतुक केलं. सासूबाईंनी लाखोरीच्या डाळीने भरलेलं सूप माझ्यापुढे सरकवलं. "झाली ना मांडी मोकळी! घे, खडे वेच."

मी ह्यांना म्हटलं, माझ्यासाठी एखादं मोठ्या माणसांचं पुस्तक आणा.

"तुले कायले?" ते म्हणाले. रागाने नाही, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

तरी ती मोठ्याने वाचायची तोवर निभत होतं. मी आतून ऐकायची. दुसरीत गुरुजींनी सांगितलं, हुशार मुलं मनातल्या मनात वाचतात. तिचे ओठ हलायचे थांबले. मी न राहवून दारात गेले. "पुढे काय झालं गं?"

"थांब ना आई, मी वाचून राहिली ना."

मागून सासूबाई ओरडल्या, "पोरगी वाचून राहिली, तू काहून मधात बोलतं?"

पोरीच्या वाचनाला घरात सगळे असे जपत. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा.